पदरात घेतलेला आळ

बेहाल्याहून सियालदहला कोणी भाजी आणायला जातं का? तुम्हीच सांगा! आमच्या दारासमोर सकाळी सहापासून भाजीवाल्या बसतात. पालक काय, पडवळ काय, कोवळी भेंडी काय, हात लांब केला की पिशवी भरावी. आणि आमच्या सूनबाई, म्हणजे शकुन, महिन्यातून एकदा न चुकता ट्रामने धर्मतल्ला, तिथून पुढे बस, असं अर्धं कलकत्ता पालथं घालून यायच्या आणि पिशवीतून काढायच्या काय, तर चार दोडके! तेही माना टाकलेले!

त्या दिवशी मी दारातच उभी राहिले. ती घामाने निथळत जिना चढून आली.

"काय गं, सियालदहच्या दोडक्यांना सोनं लागलंय का?"

"ताजे असतात, माई," ती मान खाली घालून म्हणाली.

"हे ताजे? अगं, यांच्यापेक्षा मी ताजी आहे!"

ती हसली नाही, रागावलीही नाही. माझ्या अंगाला अंग न लावता बाजूने आत गेली आणि पोळ्यांची कणीक मळू लागली. तिचं हेच मला खुपायचं! अठरा वर्षं झाली ती नागपूरहून या घरात येऊन, पण एकदा उलटून बोलली असेल तर शपथ. मी बोलायची, ती ऐकायची... भिंतीवर चेंडू मारावा आणि तो परतच येऊ नये, असं व्हायचं मला.

माझी शाळा मराठी तिसरीपर्यंत. चौदाव्या वर्षी वाईहून या शहरात आले, तेव्हा बंगालीत 'पाणी' कसं मागायचं तेही ठाऊक नव्हतं. पण पुढे मी मासळीवाल्यालासुद्धा बंगालीत झापायला शिकले, आमच्या दारात टोपली ठेवतो म्हणून. हे गेल्यावर घर मी सांभाळलं. मुलगा मुकुंद सरकारी हिशेबतपासणीच्या कचेरीत, महिन्यातले पंधरा दिवस कधी पाटणा, कधी रांची. मग घरात शब्द कोणाचा चालणार? माझाच! आणि माझा शब्द चुकत नाही, असं मला त्या आश्विनापर्यंत अगदी मनापासून वाटत होतं.

आमची लीना, मुकुंदची एकुलती एक पोर, तेव्हा पंधरा वर्षांची. मराठी बोलायची ती बंगालीच्या वळणाने. "आजी, मी पाणी खाते," म्हणायची. "खा, आणि भात पी," मी म्हणायची, की खळखळून हसायची. पण तेराव्या वर्षी ती शहाणी झाली आणि तिचं हसूच कोणी काढून नेलं जणू! पोरीची पाळी एकदा सुरू झाली की थांबायचं नाव नाही. बारा दिवस, पंधरा दिवस... मधे आठवडा गेला की पुन्हा तेच. तोंड पांढरंफटक, आणि त्या पांढऱ्या तोंडावर लालबुंद मुरुमांचं रान.

आमच्या घरात शिवाशिव होती. बाजूला बसायचं ते मागच्या खोलीत, वेगळी चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. मी बसले, माझी सासू बसली, शकुन बसली. पण आम्ही चार दिवस बसलो हो... ती कोवळी पोर पंधरा-पंधरा दिवस त्या खोलीत बसायची. दाराच्या फटीतून आमची पंगत बघायची. "आजी, मी कधी बाहेर येऊ?" विचारायची, आणि मी, तिची सख्खी आजी, म्हणायची, "थांबलं की ये. मी का थांबवून ठेवलंय?"

शकुन एकदा हळूच म्हणाली होती, "माई, एखाद्या लेडी डॉक्टरला दाखवू या का?"

मी कडाडले होते. "कुवार पोरीला डॉक्टरपुढे निजवणार? उद्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांच्या कानावर गेलं तर कोण करील तिला सून? लग्न झालं की सगळं आपोआप मार्गाला लागतं!" मग मी अशोकाची साल उकळून पाजली, तांदळाचं धुवण पाजलं, तोंडाला मसुरीच्या पिठाचा लेप लावला. आणि काय सांगू, चैत्रापासून गुण आला! पाळी महिन्याच्या महिन्याला, चार दिवसांची. मुरूम गेले, गाल तुकतुकीत झाले. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात मी ताठ मानेने सांगत सुटले, "माझा लेप! माझ्या हाताला गुण आहे!" शकुन शेजारी बसून चण्याची ओटी भरत होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही.

त्याच हळदीकुंकवात मुंबईहून बदली होऊन आलेल्या बँकवाल्यांची बायको प्रेमलता हिने पर्समधून एक पाकीट काढून आम्हा चौघी-पाचजणींना दाखवलं होतं. चांदीसारखा चकचकीत कागद, त्यात बारीक गोळ्या, तीन ओळी, ओळीत सात. "रोज एक घ्यायची, की मूल राहत नाही," ती डोळे मिचकावून म्हणाली. कुणी लाजलं, कुणी हसलं. मला शिसारी आली. देवाच्या देण्याला कुलूप लावायची किल्ली पर्समध्ये घालून हिंडतात म्हणे!

नवरात्राला तीन दिवस होते. देवीच्या चौरंगाचं आसन शिवायचं म्हणून मी सुई शोधत होते. शकुनच्या शिवणाच्या डब्यात हात घातला, रिळांच्या खाली काहीतरी चुरचुरलं. काढून बघते तो... चांदीचा कागद. तीन ओळी, ओळीत सात. त्यातल्या दहा गोळ्या गेलेल्या!

नातवाचं तोंड बघायला मी किती वर्षं देवापुढे पदर पसरला होता! लीनाच्या पाठीवर शकुनची दोन बाळंतपणं अर्ध्यातच मोडली, दुसऱ्या वेळी ती महिनाभर इस्पितळात होती. मी तिला मुगाची पेज भरवली होती, या हाताने. तेव्हापासून दर संकष्टीला मी उपास करत होते... आणि ही? ही रोज एक गोळी गिळून माझा वंश बुडवत होती! सियालदहच्या वाऱ्या आत्ता मला उमगल्या.

मी तिला स्वयंपाकघरातून हाक मारली. लीना नुकतीच शाळेतून आली होती, दप्तरही खांद्यावरून उतरवलं नव्हतं.

"हे काय आहे?"

शकुनच्या हातातलं उलथणं खाली पडलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग लीनाकडे बघितलं. लीनाचं तोंड उघडलं.

"आजी, ते तर—"

"लीना, आत जा!" शकुन ओरडली. अठरा वर्षांत मी तिचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला. पोर दचकून आत गेली. मला वाटलं, लेकीसमोर लाज वाटली असेल बयेला!

"कुणाच्या आहेत या?"

"माझ्या," शकुन म्हणाली. "माझ्याच आहेत, माई."

"सियालदहहून आणतेस?"

"हो."

"आणि मला दोडके दाखवतेस! अगं, मूल नको होतं तर सांगायचं होतंस, मी मुकुंदाचं दुसरं लग्न लावलं असतं. नातवाचा पाळणा या घरात हलू नये म्हणून तू विष खात होतीस! बाई आहेस का कोण आहेस?"

काय काय बोलले मी! आज ते शब्द लिहायला हात धजत नाही. ती उभी होती, खालचा ओठ दातांत धरून. डोळ्यांत पाणी तरारलं होतं पण पडत नव्हतं. मी शेगडीकडे वळले तशी मात्र ती एकदम पुढे झाली आणि माझे पाय धरले.

"माई, जाळू नका! पाया पडते तुमच्या... एवढं पाकीट संपू द्या. मग मला मारा, नागपूरला पाठवा, काय हवं ते करा. एवढं संपू द्या!"

"केवढा हा निर्लज्जपणा!" मी पाय सोडवून घेतले आणि पाकीट निखाऱ्यांवर टाकलं. चांदीचा कागद वळवळला, काळा पडला. शकुन जमिनीवर बसून त्याच्याकडे बघत राहिली... चितेकडे बघतात तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन निघाली. मी दारात पाट टाकून बसले.

"मुकुंदा दौऱ्यावरून येईतो उंबरा ओलांडायचा नाही. तो आला की तुला नागपूरच्या गाडीत बसवून देईल. तोवर तुझ्या हातचं पाणीसुद्धा मला नको."

"माई, एकदाच जाऊ द्या. दुपारपर्यंत येते."

"माझ्या अंगावरून जा!"

सासूच्या अंगावरून ती कशी जाणार? तिने दोन वेळा माझ्याकडे बघितलं, काहीतरी ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं. पिशवी खुंटीला अडकली.

घट बसले त्याच दिवशी लीना बाजूला बसली. महिना भरायला अजून अकरा-बारा दिवस होते. मी म्हटलं, "पुन्हा सुरू झालं का हिचं? नेमकं देवीच्या दिवसांत!" मी सोवळ्यात होते, अखंड दिवा होता, माळा चढवायच्या होत्या. शकुन दर घटकेला मागच्या खोलीत जायची, बादलीभर कपडे घेऊन बाहेर यायची. तिसऱ्या दिवशी तिने मला देवघराच्या दाराशी गाठलं.

"माई, फार जातंय तिचं. डॉक्टरला बोलावू या. खालच्या घरमालक मेशोमोशायना सांगू का?"

"घरात देवी बसलीय आणि तू डॉक्टर आणतेस? जाऊ दे चार दिवस. बाईच्या जातीला हे आहेच."

चौथ्या दिवशी सकाळी मी देवीसाठी झेंडूची माळ घेऊन चालले होते. मागच्या खोलीतून ताट पडल्याचा आवाज आला. मी दाराशी गेले. लीना चटईवर उठून बसायला धडपडत होती. तोंडाला रंग म्हणून राहिला नव्हता. चटईखालून फरशीवर... नको, ते नाही लिहीत. तिने माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला.

"आजी... धर ना मला..."

आणि मी पाऊल मागे घेतलं!

सोवळं मोडेल म्हणून. हातात माळ होती म्हणून. चाळीस वर्षांची सवय म्हणून... काहीही म्हणा. माझ्या नातीने हात पुढे केला आणि मी पाऊल मागे घेतलं. तिचा हात हवेत तसाच राहिला, आणि मग ती कलंडली. शकुन माझ्या मागून धावत आली, मला धक्का देऊन आत शिरली आणि पोरीला तिने उचलून छातीशी धरलं. त्या धक्क्याने माळ माझ्या हातून सुटली. त्या माळेवर पाय देऊन मीच जिन्यापर्यंत धावले आणि खालच्या घरमालकांना हाका मारू लागले.

टॅक्सीत लीनाचं डोकं शकुनच्या मांडीवर होतं. पाय माझ्या मांडीवर होते. पाय बर्फासारखे गार होते. मी ते चोळत होते, आणि सोवळ्याचं मला भानसुद्धा नव्हतं. अर्ध्या तासापूर्वी भान सुटलं असतं तर!

इस्पितळात शकुनने हट्ट धरून सियालदहच्या डॉक्टर मीनाक्षी सेन यांनाच बोलावून घेतलं. पन्नाशीच्या, पांढऱ्या केसांच्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी पोरीला बघितलं, रक्ताची बाटली लावायला सांगितली आणि बाहेर येऊन सरळ शकुनला बंगालीत धारेवर धरलं. त्यांना काय ठाऊक, त्या कोपऱ्यात बसलेल्या नऊवारीतल्या म्हातारीला अक्षरन् अक्षर कळतंय!

"तुम्ही आई आहात ना? मी तुम्हाला किती वेळा बजावलं होतं! या मुलीचं रक्त या गोळ्यांनी आटोक्यात ठेवलंय, एकवीस दिवसांत एक दिवससुद्धा चुकवायची नाही. मधेच सोडली तर बांध फुटल्यासारखं होईल, हे सांगितलं नव्हतं? सहा महिने दर महिन्याला येत होतात, सगळं सुरळीत होतं. चेहरासुद्धा किती छान झाला होता तिचा. मग मधेच बंद कुणी केल्या?"

माझ्या कानांत घण बसावेत तसं झालं. या मुलीचं... गोळ्या लीनाच्या! माझा लेप नव्हे, माझी साल नव्हे...

शकुनने एकदा माझ्याकडे बघितलं. आता सांगेल, मला वाटलं. सांगू दे. सगळ्या इस्पितळासमोर बोट दाखवू दे माझ्याकडे!

"माझ्याकडून हरवल्या, डॉक्टर," ती म्हणाली. "मग यायला जमलं नाही. माझी चूक."

"हरवल्या!" डॉक्टरीणबाई संतापाने लाल झाल्या. "एखाद्या अडाणी बाईने असं केलं तर समजू शकते. तुम्ही शिकलेल्या! मुलगी गेली असती, म्हणजे काय केलं असतं?"

शकुन ऐकत होती. माझ्यापुढे उभी राहायची तशीच, मान खाली घालून. आणि ती अडाणी बाई तिथेच भिंतीला टेकून बसली होती... आणि गप्प होती! या घराला चाळीस वर्षं धाकात ठेवणारी माझी जीभ तेव्हा टाळ्याला चिकटली. उठून दोन शब्द बोलायचे होते, 'मी जाळल्या.' नाही बोलले. लाजेने? भीतीने? गर्वाने, दुसरं काय!

दुपारी शकुन माझ्याशेजारी येऊन बसली. तिच्या दंडाला कापूस चिकटवलेला होता. एक बाटली रक्त तिचंच होतं. मी हळूच विचारलं.

"तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

तिने दंडावरचा कापूस दाबून धरला. मग म्हणाली, "माई, तुम्ही त्या गोळ्या ओळखल्या होत्या. मूल न होण्याच्या म्हणून. त्या लीनाच्या आहेत म्हटलं असतं तर... पंधरा वर्षांच्या पोरीच्या नावाला ते कायमचं चिकटलं असतं. तुमच्या रागात एक शब्द मंडळात गेला असता तरी पुरे होतं. माझ्या नावाला काय चिकटायचं ते चिकटू दे म्हटलं."

"पण मी तुला वंशबुडवी म्हटलं! दुसरं लग्न म्हटलं..."

तिचा चेहरा एकदम पिळवटला.

"मला त्या गोळ्या लागतच नाहीत, माई. दुसऱ्या खेपेला इस्पितळात होते ना मी, तेव्हा गर्भाशय काढलं. नऊ वर्षं झाली. दर महिन्याचे चार दिवस मी खोटीच बाजूला बसत आले. तुमची आशा मोडेल म्हणून आम्ही दोघांनी सांगितलं नाही. तुम्ही संकष्टी धरलीत, मग तर सांगवेनाच... त्या दिवशी एवढंच सांगितलं असतं तर माझी सुटका झाली असती. पण मग तुम्ही विचारलं असतं, त्या कुणाच्या."

एक वाक्य! एका वाक्यात ती निष्कलंक ठरली असती, आणि ते वाक्य तिने पोरीसाठी गिळलं. माझ्या शिव्या पदरात घेतल्या, हद्दपारी कबूल केली, माझे पाय धरले... आणि मी, वंशासाठी देवापुढे पदर पसरणारी मी, होता तो वंश निखाऱ्यांवर घालायला निघाले होते! मला रडू येईल असं वाटलं. नाही आलं. रडायचाही हक्क लागतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुकुंद तार मिळताच पाटण्याहून थेट इस्पितळात आला. लीना डोळे उघडून पडली होती, ओठांवर पुसटसा रंग परतला होता. डॉक्टरीणबाई नवा कागद लिहीत उभ्या होत्या. मुकुंदने पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि शकुनकडे वळला.

"तूच तर मला सगळं पटवून दिलं होतंस. रोजची गोळी मीच देईन म्हणाली होतीस. आणि हरवली म्हणतेस? इतकी निष्काळजी कशी झालीस तू?"

शकुनने मान खाली घातली. तीच मान!

"मुकुंदा, तोंड बंद कर," मी म्हटलं. "त्या मी जाळल्या. हिने पाय धरले तरी जाळल्या. ही आणायला निघाली तर मी दारात बसले. डॉक्टर आणू म्हणाली तर नाही म्हटलं. पोरीने हात पुढे केला तेव्हा मी मागे सरले." मग तेच सगळं मी डॉक्टरीणबाईंना बंगालीत सांगितलं, माझ्या मोडक्यातोडक्या, बाजारात शिकलेल्या बंगालीत, एक शब्द न गाळता. खोलीतल्या बाकीच्या खाटांवरच्या बायका माना उंचावून बघत होत्या. बघू देत!

मुकुंद माझ्याकडे असा बघत राहिला, की तसं कुणी आपल्या आईकडे बघू नये.

लीनाने चादरीखालून हात काढला. "आजी," ती क्षीण आवाजात म्हणाली, "तू रडू नको. मी आता ठीक होऊन गेला." तिचं ते मोडकं बोलणं! मी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. शकुन पुढे आली, माझ्या खांद्याला धरून म्हणाली, "माई, झालं ते झालं. पोर वाचली. आपण आता हे—"

"थांब!" मी म्हटलं. "झालं ते झालं म्हणू नकोस. अठरा वर्षं मी बोलले आणि तू ऐकलंस, म्हणून ही वेळ आली. आज शेवटचं ऐक. तूही चुकलीस, शकुन. मला घाबरलीस ती तुझी चूक नव्हे, तसं घाबरवलं मी. पण पोरीचं रक्त वाहत असताना तू मला ढकलून बाहेर पडायला हवं होतंस. चौथ्या दिवशी ढकललंस तसं पहिल्या दिवशी ढकलायला हवं होतंस! यापुढे लीनाच्या औषधात, तिच्या अंथरुणात, तिच्या ताटात तुझा शब्द चालेल, माझा नाही. ती कुठल्याही खोलीत एकटी बसणार नाही, देवी बसलेली असो की आणखी कोणी. मी आडवी आले तर दंडाला धरून बाजूला कर मला. आणि हे बघ, मला माफ करायची घाई करू नकोस... लगेच माफ व्हावं, इतकं लहान मी काही केलेलं नाही."